मातीच्या मोराची पाठ

श्री. वामनराव ठोंबरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भाऊ, यांना मी प्रथम पाहिलं ते घोटाभर चिखलात. गोरखपूरच्या एका शाळेत मी तेव्हा चित्रकला शिकवत होते. पटांगणात मुलांना पाठीवर बसता येईल असा मातीचा मोर उभारायला ते आले होते. मी नमस्कार केला, तर म्हणाले, "हात मग जोडा जी, आधी भुसा टाका."

संरक्षण कारखान्यात नोकरी करतानाच सुटीच्या दिवशी मझौली गावी जाऊन भाऊ जुन्या कारागिरांकडून कूड घालायला शिकले. बांबूच्या कामट्या विणायच्या, त्यांवर माती, भुसा आणि शेणाचा लेप चढवायचा. खेड्यातल्या भिंती अशाच होत. भाऊंनी त्याच कामातून मोर आणि कासवं घडवून उघड्या मैदानांत बसवली. दर पावसाळ्यानंतर ते स्वतः जाऊन प्रत्येकाला नव्याने लिंपत.

हे दरवर्षीचं लिंपणं मला काही पटेना. भाऊ नागपूरला गेले असताना मी शहाणपणा केला आणि मोरावर सिमेंटचा थर चढवून घेतला. पावसाळ्यात भेगांमधून आत शिरलेलं पाणी बाहेर पडेना. माती फुगली आणि मोराची मान गळून पडली. भाऊ परतल्यावर मुख्याध्यापिका त्यांना म्हणाल्या, "भैया जी, अब इसे हटवा दीजिए. पक्की बेंच बनवा लेंगे." मुलांचा मोर माझ्यापायी जाणार होता.

भाऊंनी सिमेंटची खपली उचलून पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना म्हणाले, "गलती मेरी है जी. आठ दिन दीजिए."

मग मला बाजूला घेऊन विचारलं, "काहून वं, मातीवर भरोसा नव्हता काय?"

मला रडू कोसळलं.

"आता रडून काहून राहिली? सिमेंट फेकून द्यावं लागते. माती भिजव, पुन्हा कामात येते."

त्याच पडलेल्या मातीतून आठ दिवसांत मान उभी राहिली. माझी चूक भाऊंनी आजवर कुणालाही सांगितली नाही, म्हणून आज मीच सांगते आहे.

पंचाहत्तरीत भाऊंचे गुडघे कुरकुरतात. आता ते खुर्चीत बसून आम्हाला रागावतात, पण शेवटचा हात मात्र स्वतःच फिरवतात. भाऊ, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, असं मनापासून वाटतं. त्यात माझा स्वार्थही आहे. यंदाच्या पावसाने मोराची पाठ पुन्हा उघडी पडली आहे. माती मी भिजवून ठेवली आहे. तुम्ही या.