मांजरीचा बंदोबस्त

'बंदोबस्त' हा शब्द कानावर पडला की मला अजून मळमळतं. डोंबिवलीला आम्ही दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा तो आमच्या घरात वर्षातून दोन-तीनदा निघायचा, आणि दर वेळी मांजरीवरून. ती व्यायली की तिच्या पिल्लांचा बंदोबस्त. कुणी करायचा, एवढाच प्रश्न असायचा.

मांजरी करडी, किडकिडीत आणि सदा गाभण. एकदा ती वडिलांच्या कचेरीच्या कोटावर व्यायली, एकदा तांदळाच्या डब्यामागे. जागा कुठलीही असो, रक्त, चिकट पाणी आणि तो वास ठरलेला. आई त्यावर चुलीतली राख टाकायची आणि फडक्याने पुसून घ्यायची. त्या वर्षी तिला सातवा महिना होता, तरी तीच पुसायची. मी अकरा वर्षांची, चार भावंडांत थोरली. आईच्या पोटात होतं ते पाचवं.

मांजरीचं काय करावं यावर रविवारी सकाळी ओट्यावर चर्चा व्हायची. एकीकडे वडील, दुसरीकडे शेजारचे निवृत्त मास्तर. मास्तर होमिओपॅथी करायचे. दोघांनी मांजरीच्या माजापासून बोक्यांच्या स्वभावापर्यंत सगळं मोकळेपणी बोलायचं आणि आईने आतून चहा पाठवायचा. मास्तरांनी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, दुधातून घालायला. मांजरी दूध प्यायची आणि गोळ्या बशीच्या तळाशी ठेवायची. वाया जायला नकोत म्हणून माझा धाकटा भाऊ त्या चाटून खायचा. मग वडिलांनी तिला मोरीच्या नळाला सुतळीने बांधून पाहिलं. ती ओरडायला लागली, तसे गावातले बोके आमच्या दाराशी जमले आणि दारावर मुतून गेले. ती घाण काही केल्या जाईना. चौथ्या दिवशी दुपारची झोपमोड झाली म्हणून वडिलांनीच वैतागून सुतळी सोडली.

"कल्याणच्या गुरांच्या दवाखान्यात न्या. ऑपरेशन करतात म्हणे," आई दारामागून एकदाच म्हणाली.

"कापाकापी नको," वडील म्हणाले. "घरात बाई दोन जिवांची असताना घरच्या पुरुषाने कशावर शस्त्र चालवू नये, चालवायलाही लावू नये. बाळाला बाधतं."

मास्तरांनी मान डोलावली. हे दोघेही इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. मांजर मारलं तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, हेही दोघांना पाठ. त्यामुळे मारायचं नाही, कापायचं नाही आणि पाळायचंही नाही. उरलं काय? सोडून यायचं. सोडण्याला पाप नव्हतं. चिखलात सोडलेल्या पिल्लाचं पुढे काय होतं ते बघायला कुणी थांबत नसे, म्हणून नव्हतं.

त्या खेपेला मांजरी टोपलीत व्यायली. आईने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून येणाऱ्या बाळासाठी टोपलीत रचून ठेवली होती, त्यांवर. चार पिल्लं, डोळे मिटलेली. वडिलांनी टोपलीत डोकावून नाकाला उपरणं लावलं. एरवी पिल्लं तेच नेऊन सोडत. या वेळी तेही नको, उगाच बाळाला काही व्हायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू जा. लहान मुलांना दोष लागत नाही. खाडीवर सोड. आणि पिशवी परत आण."

भाजीची पिशवी होती ती, जाड कापडाची, निळ्या पट्ट्याची. मी गेले. पिशवी पायाला लागत होती आणि आतून ऊब जाणवत होती. खाडीला ओहोटी होती. काठच्या चिखलात मी ती चार पिल्लं ओतली. ओतलीच, दुसरा शब्द नाही. बांधावरून मिठागरात काम करणारी एक बाई डोक्यावर टोपली घेऊन येत होती. ती थांबली.

"काय गो बाय, काय टाकलंस?"

"टाकली नाहीत, सोडली," मी म्हटलं. घरी शिकवलेलं तोंडातून बाहेर पडलं.

तिने पिल्लांकडे पाहिलं, मग माझ्या परकराकडे, वेणीच्या रिबिनीकडे. "भरती आली का जातील ती. मारायची तं मारून टाकायची. शिकलेली मानसा तुमी, ही कंची रीत?" असं म्हणून ती बाजूला थुंकली आणि चालायला लागली. पिल्लं तिनेही उचलली नाहीत. मी पिशवी झटकली, घडी केली आणि घरी आले. आईने ती सोडा घालून दोनदा धुतली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिच्यातून मेथी आणली. सगळ्यांनी खाल्ली. माझ्या घशाखाली उतरेना, म्हणून मला बोलणी बसली.

मांजरी आठवडाभर घरभर हिंडून पिल्लांना हाका मारत होती. तिचे आचळ टरटरून लाल झाले होते. पुढे महिन्या-दीड महिन्याने आई बाळंत झाली, मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत मांजर येऊ द्यायचं नसतं, पण आईने तिला हाकललं नाही. मांजरी खाटेखाली पडून राहायची. सव्वा महिना होत आला आणि ती पुन्हा लोळायला, ओरडायला लागली. आई बाळाला पाजत होती. मांजरीकडे बघता बघता तिने ओठ घट्ट मिटले. ते मला आजही दिसतं.

सव्वा महिन्याने बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती देवळात. आईने नवं लुगडं नेसलं, देवीची ओटी घेतली, बाळ माझ्याकडे दिलं आणि निळ्या पट्ट्याच्या पिशवीत मांजरी घातली. "देवळात जाऊन येते," असं शेजारणीला सांगून ती सरळ स्टेशनावर आली. आम्ही कल्याणला उतरलो.

गुरांच्या दवाखान्यात शेण आणि फिनेलचा वास कोंदला होता. डॉक्टर तरुण होते, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. "इथे बैल येतात हो, बाई," ते हसून म्हणाले. पण आई हलली नाही, तसा त्यांनी एक कागद पुढे केला. "जनावर कुणाचं?"

"माझं."

"मग इथे सही करा."

आईने पेन घट्ट धरून सावकाश सही केली. त्यांनी मांजरी आत नेली. परत बाहेर आणली तेव्हा ती गुंगीत होती, पोटावर काळे टाके, जीभ बाहेर लोंबत होती. मला ओकारी आली. आई मात्र टाक्यांजवळ वाकून बघत होती.

"किती दिवसांनी उठेल? पुढे ओझं उचललं तर चालतं? पोटात दुखत राहतं का?"

"मांजर कसलं ओझं उचलणार, बाई?"

आई हळूच म्हणाली, "बाईमाणसाचंही असंच करतात का?"

डॉक्टर माझ्याकडे बघून अवघडले. "करतात. मोठ्या दवाखान्यात. पण त्याला नवऱ्याची सही लागते."

"हो का," आई म्हणाली. देवीची ओटी तिने दवाखान्याच्या बाकावरच ठेवली, मांजरी पिशवीत घातली आणि आम्ही निघालो.

संध्याकाळी वडिलांनी टाके पाहिले आणि ताट सरकवलं. "शी! हे काय करून आणलंस? मुक्या जिवाची कूस उजवायची ती कापून टाकलीस? कुठे फेडशील हे?" मला तेव्हा वडिलांची किळस आली. मांजरीच्या घाणीची, चिखलाची, मेथीची येत होती तशीच, पोटातून. बापाची किळस येणं वाईट असतं हे मला माहीत होतं. तरी आली, आणि पुढे कधी पूर्ण गेली नाही.

चार दिवसांनी त्यांना भात वाढताना आईने त्या दुसऱ्या सहीचं विचारलं. मी शेजारीच जेवत होते.

"तुला काय स्वतःची मांजर करून घ्यायचीय?" वडील म्हणाले आणि ताक मागितलं. आईने ताक वाढलं.

मांजरी पुढे पुष्कळ वर्षं जगली, जाड झाली, उन्हात पसरायची. आईला त्यानंतर तीन मुलं झाली. शेवटचं झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. सुईण बाळाला घेऊन बाहेर गेली, बाहेर ओट्यावर वडिलांनी मास्तरांच्या हातावर पेढा ठेवला. आत खाटेखालची घाण मी राख टाकून पुसायला घेतली. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. डोळे न उघडता ती म्हणाली, "मांजरीला दूध घाल गं. सकाळपासून कुणी घातलं नसेल."