तिसरा ठेका

देवासला दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे, फौजाही दोन. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर दोन्हींतल्या उरलेल्या शिपायांचा खजिन्यावर एकच पहारा झाला, आणि थोरल्या पातीचे एक हवालदार त्याचे प्रमुख. माझ्या कचेरीची खिडकी त्यांच्या कवायतीसमोरच होती. फार थकलेला माणूस. हुकूमसुद्धा उसासा टाकल्यासारखा देत.

घोळ सलामीचा होता. थोरल्या पातीचे शिपाई खांद्यावरची बंदूक तीन ठेक्यांत उतरवत, धाकट्या पातीचे दोन ठेक्यांत. रोज सकाळी रांग विस्कटे. हवालदार आपलीच रीत सगळ्यांना लावणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांनी सगळ्यांना दोन ठेके शिकवले.

मी विचारलं, तेव्हा कमरेचा पट्टा सैल करत म्हणाले, "धाकट्या पातीचे चौघेच उरलेत. आधीच हरल्यासारखे उभे राहतात. आणखी नमवलं तर हुकूम पाळतील, पण वेळ आली तर शेजारच्यासाठी पुढे नाही सरकायचे. जाने दो भिया, आपणच बदलू."

मग सलामी एका आवाजात होऊ लागली. दुसऱ्या ठेक्याला सगळे स्तब्ध झाले, की हवालदारांचा अंगठा बंदुकीच्या लाकडावर एकदा हळूच वाजे.