रसेलच्या लग्नाच्या कुकीज

आमच्या गावात लग्न म्हटलं की केकला कुणी विचारत नाही, सगळे कुकीजच्या टेबलाकडे धावतात. शेजारणी आठवडाभर ओव्हनसमोर घाम गाळतात आणि कुणाच्या ताटात किती उरल्या यावर वर्षभर टोमणे चालतात. रसेलच्या लग्नाला जर्दाळूच्या कुकीज माझ्याच, हे मी आधीच बजावून ठेवलं होतं.

रसेल आणि एमिल माझे शेजारी. एमिल पोलादाच्या कारखान्यात होता, रसेल शाळेची बस चालवायचा. एमिलला हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी रसेलला बाहेरच बसवलं. तो नात्यातला नव्हता ना! लग्न करावं तर दोन पुरुषांच्या लग्नाला कायद्याची बंदी. मग वकिलाने तोड काढली. आमच्या पेनसिल्व्हेनियात मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं. पन्नाशीचा रसेल पंचावन्नच्या एमिलचा कायदेशीर मुलगा झाला.

"बाबा, कचरा बाहेर ठेवा, आज तुमची पाळी!" रसेल अंगणातून ओरडायचा.

"बापाला हुकूम सोडतोस? घरातून हाकलीन!"

आम्ही पोट धरून हसायचो.

पुढे वीसेक वर्षांनी देशभर अशा लग्नांना परवानगी मिळाली. दोघं नवे टाय लावून कचेरीत गेले आणि तोंड पाडून परत आले. बाप-लेकाचं लग्न लागत नाही! दत्तक मोडून द्या म्हणाले, तर न्यायाधीश म्हणतो, कायद्यात तशी सोय नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न करू दिलं नाहीत म्हणूनच बाप-लेक झाले ना ते?

त्यांनी वरच्या कोर्टात दाद मागितली. तारखा पडत राहिल्या आणि इकडे एमिलचं हृदय थकत चाललं.

"वांडा, तू कुकीज करून ठेव गं," तो म्हणाला. "निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी लग्न. मला आता वाट बघायला जमायचं नाही."

मी केल्या, फ्रीझरमध्ये ठेवल्या. शिळ्या झाल्या, टाकल्या, पुन्हा केल्या.

निकालाआधीच एमिल गेला. या वेळी हॉस्पिटलात रसेलला शेवटपर्यंत जवळ बसू दिलं, मुलगा म्हणून. चर्चमध्ये अंत्यविधीलाही पाद्री 'प्रेमळ पिता' आणि 'पोरका पुत्र' असंच बोलत राहिला. सत्तरी ओलांडलेला पोरका पुत्र मान खाली घालून ऐकत होता. मला उठून त्या पाद्र्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी पांढरी चादर अंथरली आणि सगळ्या कुकीज उतरंडीसारख्या रचल्या.

"वांडा, अगं, हे तर लग्नाचं टेबल," पाद्री कुजबुजला.

"मग? मला काय दिसत नाही?"

त्याने एक ताटली माझ्यापुढे केली. "बरं. आधी मुलाला वाढ."

"नवऱ्याला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

रसेल उठला, टेबलापाशी आला, कुकीजकडे बघत राहिला.

"वांडा," तो म्हणाला, "दोघांचं वाढ."