तेरवीच्या दिवशीचा अर्ज

आमचा मतदारसंघ गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. माणूस गेला तर निदान तेरवी होते. मतदारसंघ गेला तर पेपरात एक यादी छापून येते, झालं. फेररचना म्हणे! मंगरूळपीरच्या नावाचा आमचा मतदारसंघ त्या यादीत नव्हता आणि आम्ही वाशिमला जोडले गेलो. आसेगावच्या अलीकडचं आमचं गाव आधीच कोपऱ्यात होतं, आता तर कोपऱ्याचाही कोपरा झालं.

माझ्या वडिलांच्या काळातला आमदार एसटीनं यायचा आणि पारावर बसून चहा प्यायचा. नंतरचे जीपनं आले. आताचे येतात तेव्हा गाड्यांची रांगच येते आणि त्यातल्या कोणत्या गाडीत आमदार आहे हे धूळ बसेपर्यंत कळत नाही. पण एक गोष्ट जुन्या मतदारसंघात शेवटपर्यंत टिकून होती. आमदार विधानसभेत काय बोलला ते आमच्याकडे कुणी विचारत नसे, तेरवीला आला का ते विचारत. आणि तेरवीला आलेला आमदार उठताना घरच्या कर्त्याला विचारायचा, "काही काम असलं तर सांगा." त्या दिवशी सांगितलेलं काम तो टाळत नसे. मात्र काम एकच सांगायचं. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या शाळेची तिसरी खोली अशीच एका म्हातारीच्या तेरवीत मिळाली. देवळाजवळचा हातपंपही तसलाच. गावाचं मोठं काम अडलं की लोक मनातल्या मनात कुणाच्या तरी तेरवीची वाट पाहत. आता हसू येतं, पण तेव्हा हीच रीत होती.

माझे वडील गेले तेव्हा गावाचं अडलेलं काम होतं पूल. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं आसेगावला जायचं तर मध्ये नाला आणि नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, दर पावसाळ्यात पाण्याखाली. पोरांना आईबाप नातेवाइकांकडे ठेवत, पोरींना घरी बसवत. शेजारच्या वहिनी, आमच्या भावकीतल्याच, तेव्हा गावच्या सरपंच होत्या. त्यांची पोरगी नुकतीच सातवी पास झालेली, वर्गात पहिली. रविवारी मी घरी आलो की वही घेऊन माझ्यापुढं बसायची आणि गणित चुकलं तर स्वतःवरच चिडायची. मला ती फार आवडायची.

पुलाचा अर्ज मीच लिहिला होता. तेरवीच्या सकाळी वहिनी कागद घेऊन आल्या. सरपंच असल्या तरी सासऱ्या-दिरांच्या पुढ्यात बोलायची त्यांना सवय नव्हती. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, सायेब आले का हा कागद त्याइच्या हातात द्याजा. माह्या पोरीची शाळा आता तुमच्या हातात हाये."

"देतो ना वहिनी, तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो आणि कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला.

साहेब आले. वडिलांच्या फोटोला हार घातला, दोन घास खाल्ले, उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, काही काम असलं तर सांगा."

त्या वेळी मी धनजला मास्तर होतो. आठवड्याची ये-जा, खोलीवर हातानं भाकऱ्या थापणं, आणि आता इकडं आई एकटी. हे सगळं खरं होतं. पण आई एकटी राहू शकत होती, तिची तक्रारही नव्हती. कंटाळलो होतो मी. खिशातला कागद छातीला लागत होता आणि तोंडातून निघालं, "साहेब, बदलीचं तेवढं पाहा."

"बस, एवढंच?" साहेब म्हणाले. कुणाला तरी नाव लिहून घ्यायला सांगितलं आणि गेले.

वहिनींना मी सांगितलं, दिला कागद. किती सहज बोललो मी, लाज कशी नाही वाटली! दोन महिन्यांत बदली झाली. मी गावभर पेढे वाटले. वहिनींनीही पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चांगलं झालं, भाऊजी." त्या पावसाळ्यात पोरगी घरीच राहिली. पुढं रविवारी मी ओट्यावर असलो तरी ती वही घेऊन आली नाही.

मग ती यादी आली आणि साहेब आमचे राहिलेच नाहीत. वहिनी दर साली माझ्याकडून अर्ज लिहून घेत आणि तो मी नेऊन देत असे. आता खरंच देत असे. पण आमचा मूर्खपणा बघा, पहिली दोन वर्षं आम्ही जुन्या साहेबांच्याच घरी जात राहिलो, कारण आमच्या तेरवीला तेच आले होते ना! नव्या आमदारांच्या दारात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. ते आमच्याकडच्या तेरवीला येत नाहीत, शोकसंदेश मोबाइलवर येतो. त्याला काय काम सांगणार?

वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. पोरीचं लग्न गावातच झालेलं. मागच्या महिन्यात ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिची पोरगी सातवी पास झाली आहे. रपटा तोच आहे.

"काका, अर्ज लिहून द्या."

मी कागद घेतला, पण पेन चालेना. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. म्हणालो, "पोरी, तुले एक सांगतो. तुह्या आईचा तो पयला अर्ज मी देल्लाच नव्हता."

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "तुमची बदली झाली तवाच आईले समजलं होतं. पेढा खाल्ला आन घरी येऊन लय रडली."

"मंग दर साली माह्याकूनच काहून लिहून घेत होती ते?"

"असा सरकारी अर्ज दुसऱ्या कोनाले लिहिता येत होता?"

मी डोळे पुसले आणि अर्ज लिहिला, वर वाशिम मतदारसंघ असं नीट लिहिलं. मग नेहमीसारखी घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागलो.

तिनं हात पुढं केला. "आना इकडं. तुमी लिहिलं, झालं तुमचं काम. देयाचं मी पाहून घेतो."