चाकांवरची हजेरी

ती आमच्या शाळेत पाचवीला आली तेव्हा तिच्या बोलण्यात सांगोल्याकडचा हेल होता, आणि तो लपवावा असं तिला कधी वाटलं नाही. आईवडील तिकडे मेंढरं राखत. पाऊस दडी मारायचा त्या वर्षी कळप घेऊन लांब जावं लागे आणि पोरीची शाळा बुडे. म्हणून सोलापुरात शुक्रवार पेठेत राहणाऱ्या मावशीनं तिला आपल्याकडे आणलं. मावशी घरी ब्लाउज शिवायची. घर शाळेपासून दोन-तीन बोळ सोडून.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवते. आठवीला तिचा वर्ग माझ्याकडे आला. खिडकीजवळच्या बाकावर ती बसायची आणि तिथून प्रश्न विचारायची. परीक्षेत येणारे नव्हेत. तिला खरोखर पडलेले. मेंढीच्या अंगावर एवढी लोकर असून तिला उन्हाळ्यात घाम कसा येत नाही, हा प्रश्न तिनं विचारला तेव्हा मी ‘उद्या सांगते’ म्हणून घरी जाऊन वाचलं होतं.

गणपतीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. चार-सहा दिवसांनी मावशी शाळेत आली. स्टाफरूमच्या दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, रक्ताचा कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणतात बरा होतो, पण लांबचं काम आहे. औषधानं अंगातली ताकद जाणार, म्हणून गर्दीत न्यायचंच नाही. शाळा बंद.” मी तिला खुर्ची दिली. पाणी पिऊन ती म्हणाली, “आजाराचं नाव ऐकून पोरगी नुसती बघत राहिली. शाळा बंद म्हटल्यावर मात्र जी रडायला लागली...”

आमच्या मुख्याध्यापक सरांच्या खोलीत तेव्हा एक यंत्र उभं असे. परदेशात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला भेट दिलेला टेलिप्रेझेन्स रोबो. नाव भारदस्त, पण दिसायला साधा: खाली चाकं, त्यावर एक दांडी आणि दांडीच्या टोकाला टॅबलेट. घरी बसलेल्या माणसानं आपल्या लॅपटॉपवरून तो चालवायचा. त्याचा चेहरा इथल्या पडद्यावर दिसतो, आणि इथलं सगळं त्याला तिथं दिसतं, ऐकू येतं. पाहुणे आले की सर वरचं कापड काढून तो दाखवत, मग पुन्हा झाकून ठेवत. मावशी गेल्यावर सर स्वतःच म्हणाले, “बाई, हा धूळ खात उभाय. तिच्यासाठी लावून बघू या का?”

मला विश्वास नव्हता. करोनाच्या काळात मी मोबाईलवर शिकवलं होतं. त्या छोट्या चौकटी, बंद कॅमेरे, ‘आवाज येतोय का’ विचारता विचारता संपलेले तास यांचा मला धसकाच बसला होता. त्यात हे चाकांवरचं खेळणं. वर्गाला आठवडाभर करमणूक होईल आणि मग पुन्हा कापड, असं मी धरून चालले होते.

सरांनी शाळेतला एक लॅपटॉप मावशीकडे पोचवला. पहिल्या दिवशी पडदा उजळला आणि तिचा चेहरा दिसला तशी सगळ्या वर्गानं किंकाळी फोडली.

“अगं ओरडू नका गं, कानात फुटतंय!” ती म्हणाली.

मग तिनं रोबो पुढे घेतला आणि तो थेट माझ्या टेबलावर येऊन आदळला. “सॉरी बाई, अजून हात बसला नाही.” तिनं तो मागे घेतला, सावकाश वळवला, रांगांमधून पार खिडकीपर्यंत नेला आणि तिथं थांबून विचारलं, “माझ्या जागेवर कोण बसलंय?”

तिथं बसलेली मुलगी न सांगता उठली. बाक जरा सरकवून रोबोला जागा केली. करोनातल्या चौकटीत आणि यात काय फरक आहे हे मला तेव्हा कळलं. चौकटीतल्या मुलांकडे आम्ही बघत होतो. ही आमच्याकडे वळून बघत होती, आणि तिला जिथं जायचं होतं तिथं जात होती.

मधल्या सुट्टीत मुलांनी रोबोचं बारसं करायचं ठरवलं. फळ्यावर नावं लिहून झाली, मतं मागायला सुरुवात झाली. ती ऐकत होती. मग म्हणाली, “ह्याला नाव ठेवायचं नाही. इथं मी हाय. माझ्याच नावानं हाक मारा की.”

फळा पुसला गेला. त्या दिवसापासून ‘रोबो आला’ असं वर्गात कुणी म्हटलं नाही. ‘ती आली’ असंच म्हणत. हजेरीला मी तिचं नाव घेत असे आणि ती ‘हजर बाई’ म्हणत असे. नवीन आलेल्या एका शिक्षकांनी ‘ते मशीन जरा बाजूला घ्या’ म्हटलं, तेव्हा सगळ्या वर्गानं त्यांना एका सुरात दुरुस्त केलं.

आमची इमारत जुनी. शहाबादी फरशी ठिकठिकाणी उचललेली, प्रत्येक दाराला उंबरा. सुरुवातीला चाक अडलं की मुलं धावून रोबो उचलत. तिला ते आवडत नसे. “मला विचारल्याशिवाय उचलू नका. तुम्हाला कुणी असं उचललं तर चालंल का?” मग विणकर पद्मशाली घरातल्या एका मुलीनं वडिलांकडून मागाची जुनी फळी आणली आणि उंबऱ्याला उतार करून दिला. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती, तिथं मात्र उचलण्याशिवाय इलाज नव्हता. जिन्याच्या पायथ्याशी येऊन ती म्हणायची, “चला, आता उचला,” आणि दोघी-तिघी तिला उचलून नेत. वर पोचेपर्यंत ती वरून सूचना देई, “हळू, माझं डोकं आपटंल.”

तिला घरून शाळेची घंटा कानांनीच ऐकू यायची, इतकी शाळा जवळ. लॅपटॉपमधून तीच घंटा जरा मागून यायची. “मला सगळ्या घंटा दोनदा मिळतात,” असं ती हसून सांगे.

एकदा मी फळ्यावर आकृती काढत होते आणि खिडकीकडून सारखी कुजबुज चालली होती. दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा मात्र वळून म्हणाले, “खिडकीजवळच्या सगळ्या जणी बाहेर जाऊन उभ्या राहा.” मुली उठल्या, खाली मान घालून बाहेर गेल्या. मी पुन्हा फळ्याकडे वळले तर मागून चाकांचा आवाज. रोबो दाराकडे निघाला होता.

“तू कुठं निघालीस?”

“बाई, मी पण बोलत होते. माझंच गाणं चाललं होतं, त्या नुसत्या हसत होत्या.”

“तू राहा आत. तुझी तब्येत...”

“मी घरी गादीवर हाय बाई. उभा तर हा राहणार.”

वर्ग हसला. पण ती हसत नव्हती. पडद्यावर तिचा चेहरा अगदी गंभीर होता. मला सवलत देऊ नका, असं ती मला सांगत होती. मी म्हणाले, “बरं, जा.” ती फळीवरून बाहेर गेली आणि मैत्रिणींच्या रांगेत उभी राहिली. तास संपेपर्यंत बाहेरून हसू दाबल्याचे आवाज येत होते. मलाही ओठ आवळून शिकवावं लागलं. इतकी वर्षं मी शिक्षा करत आले, पण मागून घेतलेल्या शिक्षेचा कुणाला एवढा आनंद झालेला पाहिला नव्हता.

दिवाळीनंतर रक्ताचा धडा आला. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी. तो पुढे ढकलावा असं माझ्या मनात होतं. आदल्या संध्याकाळी मी तिला फोन करून विचारलं, “उद्या हा धडा घेऊ का? नको असेल तर दुसरा घेते.”

“घ्या की बाई. मला तर तो आधीच येतोय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पडद्यावर आली ती डोक्याला काही न बांधता. तोवर ती रुमाल बांधून बसायची. औषधानं केस गेले होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण पाहिलं कुणी नव्हतं. वर्ग चिडीचूप झाला. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “तुझ्या डोक्याला थंडी वाजत नाही का गं?”

“वाजते ना. पण उवा नाहीत आता. तुझं काय?”

हशा पिकला आणि वर्ग मोकळा झाला. पांढऱ्या पेशींचा भाग आला तेव्हा तिनं पडद्यावरचा दिवा लावला. हात वर केल्याची तिची ती खूण होती. “बाई, पुस्तकात लिहिलंय पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक. माझ्यात सैनिक लई झाले होते, पण नुसती गर्दी. लढायला कुणालाच येत नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं. ते औषध चांगलं-वाईट बघत नाही, सगळ्यांनाच मारतं. आता नवीन यायचेत, ते शिकून येतील असं डॉक्टर म्हणाले. तोवर माझ्याजवळ कुणी शिंकायचं नाही.”

कुणी काही लिहून घेत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. मी तो धडा कितीतरी वेळा शिकवला आहे. इतका नीट समजलेला मी तरी पाहिला नाही.

पालकसभेला तिचे वडील आले. पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात मडक्याऐवजी प्लास्टिकची बरणी. मावशीकडे द्यायला आणलेलं, पण गडबडीत हातातच राहिलेलं तूप. ते दाराबाहेरच थांबले. मी आत बोलावलं तेव्हा खिडकीजवळच्या रोबोवर त्यांची नजर गेली. पडद्यावर लेक होती. सकाळीच तिला घरी भेटून ते आले होते, तरी त्यांचा विश्वास बसेना.

“हितं बसतीया व्हय तू?”

“व्हय आप्पा. ही माझी जागा.”

ते जवळ गेले. दांडीला हात लावावा की न लावावा असं त्यांचं झालं. “लागंल का हिला?” त्यांनी मला विचारलं.

“न्हाय लागत आप्पा, हात लावा,” पडद्यातून तीच म्हणाली.

त्यांनी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा सावकाश हात दांडीवरून फिरवला. मग बाकावर अंग चोरून, तिच्या शेजारी बसले. सभा संपेपर्यंत ते माझ्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. जाताना म्हणाले, “बाई, मला वाटलं पोरगी घरात एकटीच पडून असंल. रानात मेंढरांमागं चालताना तेच डोक्यात असायचं. ही तर गोतावळ्यात हाय.”

संक्रांतीच्या सुमाराला, गावात गड्ड्याच्या यात्रेची गडबड असताना, तिला ताप आला. दवाखान्यात ठेवावं लागलं. जंतुसंसर्ग झाला होता. रोबो खिडकीजवळ काळा पडदा घेऊन उभा राहिला. मी तो सरांच्या खोलीत न्यायला सांगितलं, तर मुलं नको म्हणाली. रोज कुणीतरी तो चार्जिंगला लावी. न सांगता, न ठरवता. हजेरी घेताना तिच्या नावाशी मी अडखळत असे. एकदा मी नाव गाळून पुढे गेले तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, एक नाव राहिलं.” मी ते घेतलं. कुणीतरी हळूच म्हणालं, “दवाखान्यात आहे बाई.”

ते दिवस लांबले. मावशीचा फोन येई, कधी बरं, कधी बरं नाही. मग एका सकाळी, वर्गात प्रार्थना चालू असताना, पडदा आपोआप उजळला. दवाखान्याची उशी, नाकाला नळी आणि तिचा सुकलेला चेहरा. बोलायची ताकद नव्हती. मुलं प्रार्थना मध्येच सोडून वळली. मी त्यांना पुन्हा म्हणायला लावली, पहिल्यापासून. ती डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर तिनं दिवा लावला आणि विझवला. हजर.

त्यानंतर तिचं हळूहळू जमत गेलं. उन्हाळ्यात सकाळची शाळा असताना ती रोज येऊ लागली, वार्षिक परीक्षा घरी बसून दिली. नववीचं अर्धं वर्षही तिनं असंच काढलं. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी शाळेत आली, तोंडाला मास्क, डोक्यावर बोटभर नवे कुरळे केस. मुली तिला मिठी मारायला धावल्या आणि मध्येच थांबल्या. मारावी की नाही, त्यांना कळेना. तीच म्हणाली, “मास्क लावून मारा.” वर्गात ती आपल्या जागेवर बसली, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बाई, इथनं तुमचं अक्षर बरंच वाईट दिसतंय. तिकडं मी मोठं करून बघायचे.”

रोबो आता सातवीच्या वर्गात जातो. मोहोळजवळ अपघात झालेली एक मुलगी पायात सळई घेऊन घरी आहे. तिला रोबो चालवायला शिकवण्याचं काम हिनंच मागून घेतलं. परवा मी सातवीवरून जात होते तेव्हा ही पडद्यासमोर उभी राहून तिला सांगत होती, “डबा खायच्या सुट्टीत बंद करून झोपू नकोस. तासाला एखादे वेळी नाही आलीस तरी चालंल, पण तेव्हा ये. तेव्हाच समद्या खऱ्या गोष्टी होतात.” मी शिक्षिका म्हणून आत जाऊन हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही. तिचं बरोबर होतं, आणि पडद्यातली मुलगी मान डोलावत ऐकत होती.