बोकडाची दाढी आणि भाताची वाटी

घाटकोपरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. ‘फॉस्टर’ म्हणजे पालनपोषण करणे, एवढं फळ्यावर लिहून मोकळा व्हायचो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतला जाडजूड शब्दकोश उशाला घेऊन मी पडायचो. एकदा झोप येईना म्हणून ती उशी उघडली. आत लिहिलेलं, या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीत, आणि तिथे अर्थ ‘अन्न’. म्हणजे फॉस्टर करणं हे मुळात खाऊ घालणं! माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं. घरी दुसरं काय चाललं होतं माझं?

शेजारणीच्या मुलीच्या उष्टावणाला सख्खा मामा गावाहून पोचलाच नाही. मुहूर्त टळू नये म्हणून मला पाटावर बसवलं, पहिली खीर मी भरवली. पुढे शेजारणीच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली, तो कोकणात शेतीला गेला. तिला मालाडला औषधाच्या बाटल्या भरायचं काम लागलं, मुलगी दिवसभर आमच्याकडे. आणि पोरीचा हट्ट असा, की खाईन तर खीरवाल्याच हातून. माझ्या बायकोसमोर तोंड मिटलेलं, स्वतःच्या आईसमोर तर कुलूपच.

शाळेतून आलो की चपला काढायच्या आत हातात भाताची वाटी. घासागणिक एक थाप. देवनारच्या कत्तलखान्यातून पळालेला बोकड आपल्या गच्चीवर राहतो, त्याची दाढी चेंबूरपर्यंत लोंबते! ती दाढी रोज वाढवावी लागे. माझ्या अंगात ताप असला तरी दाढी वाढलीच पाहिजे. दोन वर्षं.

मग नवऱ्याचा निरोप आला, दोघी गावी या. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारीण वाटी घेऊन दारात उभी.

“दादा, थंय गावात ही कोणाच्या हातून खाणार? उपाशी मरात हो.”

“तूच भरव. मी गॅलरीत जातो.”

पहिला घास पोरीने थुंकला. दुसराही. मी कठड्याला टेकून उभा. मग आतून ऐकू आलं,

“बोकडाची दाढी गो, आज आमच्या गावच्या खाडीत पोचली! तिला मासे लागले!”

“किती?”

“आ कर, मगे सांगतंय.”

मासे मला दोन वर्षांत सुचले नव्हते. जरा वेळाने वाटी खरवडल्याचा आवाज आला.

“अहो, आत या, ताट वाढलंय,” बायको म्हणाली.

“आज तूच भरव गं. हात उचलवत नाही.”

“दाढी किती लांब, ते सांगा आधी.”