भाऊमामांचं पेट्रोल

भाऊमामा हात पेट्रोलनं धुवायचे. दुकानातून आले की पोर्चमध्ये उभे राहून वाटीभर पेट्रोल तळहातावर घ्यायचे, बोटांच्या फटींतून चोळायचे, फडक्याला पुसायचे आणि मग दोन्ही हात नाकाशी नेऊन अत्तर हुंगावं तसे डोळे मिटून हुंगायचे. "हौ," म्हणायचे, "आता माणसात आल्यासारखं वाटलं." मामी चहा घेऊन दारात उभी असायची. त्याच हातांनी ते कप घ्यायचे. चहालासुद्धा वास लागायचा, पण तसं म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

हे माझे सख्खे मामा. सिकंदराबादला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान, बरकतपुऱ्यात स्वतःचं दुमजली घर, पोर्चमध्ये जुनी पेट्रोलची गाडी. मला बँकेत नोकरी लागली तसा मी नांदेडहून त्यांच्याकडे राहायला आलो. तेव्हा आंध्रातून तेलंगण वेगळं काढायचं चाललं होतं. आज बंद, उद्या रास्ता रोको. सगळं शहर त्यावरून भांडायचं. मामा एवढंच म्हणायचे, "राज्यं दोन होऊ द्या नाही तर दहा. पेट्रोल एकच राहणार." मामांबद्दल गोड लिहावं असं मला वाटत नाही. ते हुशार होते, बोलायला लागले की माणसं खिळून बसायची, आणि ते दुष्ट होते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्यांची हक्काची शिकार म्हणजे त्यांचा जावई, अविनाश. मामीला दम्याचा त्रास होता, म्हणून त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता लग्नानंतरही वरच्या मजल्यावरच राहिली. अविनाश आपोआपच सासरी राहणारा जावई झाला. मामा त्याला कधी अरे-तुरे करत नसत. 'जावईबापू' आणि 'तुम्ही' यांतच ते सगळं विष कालवायचे. कुकटपल्लीच्या एका कंपनीत तो कामाला होता. एके दिवशी त्यानं कुणाची तरी वापरलेली, चिमुकली, विजेवर चालणारी गाडी विकत आणली. मामा फाटकात उभे राहून आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मियाँ, ये गाडी है की मिक्सी?" शेजारपाजार खो खो हसला. त्या दिवसापासून ती गाडी मिक्सी झाली, आणि सीटखाली बॅटऱ्या आहेत म्हटल्यावर बॉम्बही झाली. "आमचे जावईबापू बॉम्बवर बसून ऑफिसला जातात. पगार मात्र कारकुनाचाच."

खोटं कशाला बोलू, त्या गाडीची चेष्टा करण्यासारखं पुष्कळ होतं. कुकटपल्लीला जाऊन येईपर्यंत तिचा जीव टिकायचा, एसी लावला तर तेवढाही नाही. वीज गेली की चार्जिंग बंद, आणि त्या वर्षांत वीज नेमानं जायची. एकदा भर मे महिन्यात ती फ्लायओव्हरवर बंद पडली. पुढच्या सत्यनारायणाला मामांनी सगळ्या नातेवाइकांसमोर तो प्रसंग उभा केला. जावईबापू मागून कसे ढकलतायत, लेक आत स्टिअरिंग धरून कशी रडवेली झालीय, बाजूनं बैलगाडी कशी पुढे जातेय. बैलगाडी अर्थातच मामांच्या पदरची. पुरुषांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. सुजाता प्रसाद वाटत होती, तिच्या डोळ्यांतही आलं. अविनाश सगळ्यांबरोबर हसला. हसण्यावारी नेलं की विषय संपतो, अशी त्याची समजूत होती.

पण बंदच्या दिवशी पंपांना कुलपं लागायची आणि मिक्सी गुपचूप फाटकाबाहेर पडायची. मामीचा दमा उसळला की अविनाशच तिला डॉक्टरकडे घेऊन जायचा. हे मामांना सहन होईना. बंदची कुणकुण लागली की ते खाद्यतेलाचे रिकामे डबे घेऊन पंपावर रांगेत उभे राहायचे आणि भरलेले डबे पोर्चमधल्या जिन्याखाली ठेवायचे. सगळं शहरच तसं करत होतं. मग दुकानातल्या कुणी गिऱ्हाइकानं त्यांना सांगितलं की कुठंतरी अशा गाडीची बॅटरी पेटली. मामा घरी आले ते तावातावानंच. "त्या बॉम्बशेजारी माझं पेट्रोल राहणार नाही," म्हणाले, आणि सगळे डबे आत, स्वयंपाकघरालगतच्या कोठीच्या खोलीत नेऊन ठेवले. कोठीला खिडकी नव्हती. कोठीच्या दारासमोर मामीचं देवघर होतं.

मामी भीतभीत म्हणाली, "अहो, देवासमोर वास येतोय."

"देवाला नाक असतं तर तुझ्या उदबत्त्यांनी तो कधीच पळाला असता."

अविनाशनं एकदाच तोंड उघडलं. "मामा, बॅटरी पेटू शकते, नाही असं नाही. पण पेट्रोलची वाफ दिसतसुद्धा नाही. ती जमिनीलगत सरकत जाते आणि दिवा गाठते. डबे मागच्या अंगणात ठेवू या." मामा चहा पीत राहिले, म्हणून त्यानं ते स्वतःच उचलून मागं नेले. संध्याकाळी मामांनी सुजाताला हाक मारली. "जावईबापूंनी हात लावलेली वस्तू मी उचलत नाही. तू आण." नवऱ्यासमोर तिला एकेक डबा परत आत आणायला लावला. "आणि ऐका जावईबापू, या घरात काय कुठं ठेवायचं ते मी ठरवतो. पटत नसेल तर आपल्या मिक्सीत झोपा."

दुसऱ्या दिवशी अविनाश मला म्हणाला, "आम्ही घर बघायलोय. मामींना घेऊनच जाणार." जागा मिळालीही होती. मामीच पाय काढेना. "यांना गरम पोळी कोण वाढंल रे?" एवढीच तिची अडचण होती. त्या माणसाच्या पोळीपायी ती त्या घरात राहिली, याचा मला आजही संताप येतो.

पुढच्या बंदला, दिवेलागणीच्या वेळी, मामा कोठीत बसून डब्यातलं पेट्रोल बाटलीत ओतत होते. थोडं फरशीवर सांडलं होतं, दार उघडं होतं. मामी नेहमीसारखी देवापुढे निरांजन लावायला आली. मी पुढच्या खोलीत होतो. आवाज काही फार मोठा झाला नाही. जाळ जमिनीवरून धावला, निरांजनापासून कोठीपर्यंत, आणि वाटेत मामीचा पदर होता. मामांनी हातांनी विझवायला पाहिलं, हे मी नाकारणार नाही. पण ते हात पेट्रोलनं भिजलेले होते.

रस्त्यावर एक रिक्षा नव्हती. अविनाशनं मामीला गोधडीत गुंडाळून मिक्सीत घातलं. मामा पुढे बसले, सुजाता मागे आईला धरून. मी आणि शेजारी मातीनं आग विझवत राहिलो. सुजातानं नंतर मला सांगितलं, गाडीला आवाज नव्हता ना, त्यामुळं आईचं कण्हणं सगळा रस्ता ऐकू आलं.

पोलिसानं विचारलं तेव्हा मामी शुद्धीवर होती. "दिवा लावताना पदर पेटला. चूक माझीच हाय," असं तिनं सांगितलं. पेट्रोलचं नावही काढलं नाही. नवऱ्याला सोडवून ती गेली. एवढ्यावर मामांनी गप्प बसावं की नाही? बाहेर जमलेल्या नातेवाइकांना ते दोन्ही बांधलेले हात उंचावून सांगत होते, "चार्जिंगला लावली होती. बॅटरी फुटली." अविनाश तिथंच उभा होता.

तेराव्याला मामांच्या सिकंदराबादच्या म्हाताऱ्या आत्याला घरी सोडायचं होतं. अविनाशनं गाडी दारात आणली.

"ही कुठली रे?" आत्यानं विचारलं.

"तीच."

"फुटली ती?"

सगळे गाडीकडं बघू लागले. मी म्हणालो, "बघून घ्या. तिला साधा ओरखडासुद्धा नाही." मामांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "नवी बॅटरी टाकली," म्हणाले. माणसांनी माना डोलावल्या आणि जिलबी पुढे सरकवली.

मामांचे हात वाकडेच भरले, बोटं मिटेनात. त्यामुळे सुजाता-अविनाशचं बिऱ्हाड तिथंच अडकलं. ड्रेसिंगला अविनाशच त्यांना मिक्सीतून न्यायचा, घास तोच भरवायचा. "जावईबापू, जरा भाजी लावा घासाला," म्हणत मामा जेवायचे, आणि कुणी भेटायला आलं की घास गिळून बॅटरीची गोष्ट सांगायचे. जेवल्यावर सवयीनं हात नाकाशी न्यायचे.

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. संध्याकाळ झाली की मामा घरात थांबत नसत. सुजाता देवघराकडं वळली की हे उठून पोर्चमध्ये जायचे आणि खुर्ची टाकून बसायचे, चार्जिंगला लावलेल्या गाडीला पाठ टेकून. सुजाताच्याही ते लक्षात आलं होतं. एकदा ती बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तिला टेकून बसलात. भीती नाही वाटत?"

"हिला काय भ्यायचं?" मामा बोलून गेले.

बोलल्यावर त्यांना कळलं. सुजाता आत गेली, निरांजन उचललं आणि बाहेर आणून त्यांच्या खुर्चीशेजारच्या कट्ट्यावर ठेवलं. मामा धडपडत उठले आणि फाटकापाशी जाऊन उभे राहिले. दिवा विझेपर्यंत आत आले नाहीत. त्यानंतर रोज तसंच. दिवा बाहेर, मामा फाटकापाशी. अविनाश म्हणायचा, "सुजाता, पुरे आता." ती म्हणायची, "त्यांना म्हणावं, आई कशानं गेली ते एकदा सांगा. मग आत ठेवते."

मामांनी सांगितलं नाही. तेलंगण झालं, पाट्या बदलल्या, मामा फाटकापाशी उभे राहत गेले. त्याच हिवाळ्यात ते झोपेत गेले. जमिनीवर त्यांना निजवलं, हात कापडाखाली झाकले. उशाशी दिवा लावायला हवा, असं आत्या म्हणाली. सुजातानं निरांजन आणलं, वात सारखी केली आणि लावलं. "जरा लांब ठेव गं," आत्या म्हणाली, "कापडाला लागंल."

सुजातानं ते उचललं आणि आणखी जवळ ठेवलं.